घरगुती प्रथिनवडी : द्रव्ये, बांधणी, मात्रा व पात्रापात्रविचार

सांगली येथील आमच्या चिकित्सालयात येणारे रुग्ण अलीकडे औषधांच्या चौकशीबरोबर आणखी एक प्रश्न हमखास विचारतात : "डॉक्टर, प्रोटीन बार खाल्ला तर चालेल का?" व्यायामशाळेत जाणारा तरुण हे विचारतो, मुलाचे वजन वाढत नाही म्हणून चिंतेत असलेली माता विचारते आणि दीर्घ आजारातून उठलेले ज्येष्ठ नागरिकही विचारतात. विकतच्या बारची किंमत ऐकून पुढचा प्रश्न येतो, तो असा : "मग घरीच करता येईल का?"

घरी निश्चितच करता येईल. मात्र 'करा' एवढे सांगून वैद्याचे काम संपत नाही, हे आम्ही आमच्याच एका चुकीतून शिकलो. ती चूक प्रथम नमूद करून मग विषयाकडे वळतो.

मधुमेहाच्या रुग्ण असलेल्या एक निवृत्त शिक्षिका डेंग्यूनंतर कृश झाल्या होत्या. वजन चार किलोने घटले होते, जिना चढताना मांड्या भरून येत. आहारात प्रथिने कमी पडत आहेत हे आमचे निदान योग्य होते. त्यांनी वडीबद्दल विचारले तेव्हा आम्ही म्हणालो, "घरी करा. साखर घालू नका, खजूर चालेल." किती खावी, केव्हा खावी आणि तिच्या बदल्यात काय कमी करावे, यातील काहीही आम्ही लिहून दिले नाही. सहा आठवड्यांनी बाई आल्या त्या वही घेऊनच. रोजच्या रक्तशर्करेची नोंद त्यांनी शिक्षिकेच्या नेटकेपणाने ठेवली होती. जेवणानंतरची साखर १७० च्या आसपास असे, ती २६० पर्यंत चढली होती. "डॉक्टर, साखरेचा कण घातलेला नाही. तुम्ही सांगितलेत तशाच केल्या," असे त्या म्हणाल्या. चौकशीअंती कळले की दोन्ही जेवणांनंतर एकेक आणि दुपारच्या चहाबरोबर एक, अशा तीन वड्या त्या रोज घेत होत्या. प्रत्येक वडीत सुमारे वीस ग्रॅम खजूर होता. म्हणजे दिवसाला साठ ग्रॅम खजूर, आणि त्यातून जवळजवळ चाळीस ग्रॅम शर्करा. चहाच्या चमच्याने मोजल्यास ती आठ चमचे साखर झाली. बाईंनी आमचा शब्द तंतोतंत पाळला होता. अपुरा होता तो आमचा सल्ला.

वडीचे मूळ प्रयोजन

आजच्या बारचा इतिहास येथे उपयोगी पडतो. कॅनडाचे मॅरेथॉन धावपटू ब्रायन मॅक्सवेल यांनी कॅलिफोर्नियात घरच्या स्वयंपाकघरात प्रयोग करून धावताना खाता येईल अशी पट्टी सिद्ध केली आणि १९८६ साली 'पॉवरबार' ही कंपनी स्थापन केली. हा पदार्थ मुळात दीर्घकाळ श्रम करणाऱ्यासाठी होता. पचण्यास सोपा, खिशात मावणारा आणि श्रम चालू असतानाच खर्ची पडणारा. प्रथिनांवर भर देणारे प्रकार पुढे लोकप्रिय झाले. हाच पदार्थ आज भरपेट जेवणानंतर, बैठे काम करणाऱ्याच्या हाती आला आहे. द्रव्य तेच राहिले, पण खाणारा आणि खाण्याचा काळ बदलला. साहजिकच परिणामही बदलणार.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. शेंगदाण्याची चिक्की, तिळाची वडी, राजगिऱ्याची वडी, गूळपापडी, डिंकाचे लाडू हे सर्व याच कुळातले पदार्थ. यातील बहुतेक पदार्थ थंडीत, बाळंतपणानंतर किंवा श्रमाच्या दिवसांत केले जात आणि एकावेळी एकच लाडू हातावर ठेवला जाई. ऋतू, अवस्था व मात्रा यांचे बंधन आपल्या घरांनी न सांगता पाळले होते. बारने नेमके तेच बंधन सैल केले आहे.

मुख्य द्रव्यांचा विचार

प्रथिनांसाठी घरात सहज मिळणारी द्रव्ये पुढीलप्रमाणे आहेत. आकडे दर शंभर ग्रॅम द्रव्यामागे आणि स्थूलमानाने समजावेत.

डाळे, म्हणजे फुटाण्याची डाळ : प्रथिने सुमारे २२ ग्रॅम. हरभरा रूक्ष, लघु व विष्टंभी. भाजल्याने पचनास सुकर होतो, तरी वाताचा अनुबंध असलेल्यांत आध्मान करतो. म्हणून तो तीळ, तूप व सुंठ यांच्या साहचर्याने वापरावा.

शेंगदाणे : प्रथिने सुमारे २५ ग्रॅम, परंतु वजनाचा जवळजवळ निम्मा भाग स्नेह. भुईमूग दक्षिण अमेरिकेतून आलेला असल्याने संहिताग्रंथांत त्याचे गुणकर्म मिळत नाही. अनुभवाने तो गुरु, स्निग्ध आणि पित्तवर्धक वाटतो.

तीळ : प्रथिने १८ ते २० ग्रॅम. गुरु, स्निग्ध, उष्ण व बल्य. ग्रीष्मात व पित्तप्रकृतीत त्याचे प्रमाण निम्मे करावे.

साय काढलेल्या दुधाची भुकटी : प्रथिने सुमारे ३५ ग्रॅम. घरगुती वडीतील प्रथिनांचे प्रमाण वाढवण्याचा हा सर्वांत सोपा व माफक खर्चाचा उपाय. ज्यांना दूध सोसत नाही त्यांच्यासाठी ती वगळावी.

राजगिऱ्याच्या लाह्या : प्रथिने सुमारे १४ ग्रॅम. प्रमाण कमी असले तरी लाह्यांनी वडीला हलकेपणा येतो.

ही द्रव्ये एकत्र करण्यास आधुनिक आहारशास्त्राचाही आधार आहे. डाळींच्या प्रथिनांत लायसिन पुरेसे व मेथिओनिन कमी असते. तिळात याच्या उलट स्थिती आढळते. दोन्ही एकत्र आल्यास एकाची उणीव दुसरे भरून काढते. डाळे-तीळ ही जोडी म्हणूनच चांगली.

दूधभुकटी वापरताना विरुद्धाहाराचे भान ठेवावे. कुळीथ, वाल व मटकी दुधासह विरुद्ध सांगितली आहेत. आंबट फळांचेही तसेच. सध्या वडीत क्रॅनबेरीसारखी आंबट सुकी फळे घालण्याची पद्धत पडली आहे. दूधभुकटी असलेल्या वडीत ती घालू नयेत.

बांधणीचे द्रव्य : खरा प्रश्न येथेच

कोरडी पिठे एकमेकांना धरून राहण्यासाठी काहीतरी चिकट घालावेच लागते. गूळ, खजूर, मध किंवा साखरेचा पाक यांपैकी एक. बहुतेक घरगुती कृतींत बांधणीचे द्रव्य एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत जाते, कधी त्याहूनही पुढे. नाव प्रथिनांचे असले तरी वडीचा मोठा भाग या मधुर द्रव्याचा असतो. रुग्ण प्रथिने मोजतो, बांधणी मोजत नाही. वैद्याने दोन्ही मोजावीत.

गुळात प्रथिने नगण्य. वाग्भटाने जुना गूळ पथ्यकर व नवा गूळ कफकर आणि अग्निमांद्यकर म्हटला आहे. म्हणून शक्यतो वर्षभर जुना, रासायनिक पांढरेपणा न आणलेला गूळ घ्यावा. खजूर गुरु, शीत, मधुर व बृंहण. कृश व श्रांत व्यक्तीस तो उत्तम, परंतु त्याच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग शर्करेचाच असतो. खजुराची वडी 'साखर न घातलेली' असू शकेल, 'साखर नसलेली' कधीच नव्हे. हा भेद रुग्णास स्पष्ट शब्दांत सांगावा.

मधाविषयी विशेष सूचना. अनेक कृतींत मध कढईत तापवून पाकाप्रमाणे वापरण्यास सांगतात. तप्त मधाचा निषेध चरकाचार्यांनी स्पष्ट केला आहे आणि मध-तूप सममात्रेत घेण्याचाही. मध वापरायचाच झाल्यास मिश्रण पूर्ण निवल्यावर घालावा. त्याने बांधणी सैल राहते आणि वडी मऊ होते, हे गृहीत धरावे. आम्ही मधाची वडी सुचवीत नाही.

कृती

पुढील प्रमाणात सुमारे चाळीस ग्रॅम वजनाच्या सोळा वड्या होतात.

डाळे १५० ग्रॅम, शेंगदाणे १०० ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम, साय काढलेल्या दुधाची भुकटी १०० ग्रॅम, राजगिऱ्याच्या लाह्या २५ ग्रॅम, गूळ २०० ग्रॅम, तूप ४० ग्रॅम, सुंठपूड ५ ग्रॅम आणि थोडी वेलचीपूड.

शेंगदाणे प्रथम निवडून घ्यावेत. सुरकुतलेले, काळपट, बुरशी धरलेले व कडू दाणे टाकून द्यावेत. बुरशीमुळे भुईमुगात अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृतास घातक विष तयार होते आणि ते भाजण्याने पुरते नष्ट होत नाही. निवडलेले दाणे मंद आचेवर खमंग भाजून साले काढावीत. तीळ वेगळे भाजावेत व तडतडू लागताच उतरवावेत, कारण करपलेला तीळ संपूर्ण वडी कडू करतो. डाळे किंचित गरम करून बारीक दळावे. दाण्यांचे कूट जाडसर ठेवावे. यंत्र थांबवत थांबवत फिरवावे, एकसारखे फिरवल्यास तेल सुटून लगदा होतो.

जाड बुडाच्या कढईत गूळ व पाव वाटी पाणी घालून मंद आचेवर विरघळवावे. गूळ विरघळल्यावर एकदा गाळून घेतल्यास खडे व कचरा निघतो. पाक चिक्कीसारखा कडक करू नये. थंड पाण्यात टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी होऊ लागली की कढई उतरवावी. त्यात तूप, सुंठ व वेलची घालावी. मग डाळ्याचे पीठ, कूट व तीळ मिसळावेत. मिश्रण कोमट झाल्यावर दूधभुकटी आणि शेवटी लाह्या घालाव्यात. दूधभुकटी उकळत्या पाकात घातल्यास तिच्या गुठळ्या होतात. शिवाय गुळातील शर्करेबरोबर तापल्याने दुधातील लायसिनचा काही अंश शरीरास निरुपयोगी होतो. ज्यासाठी वडी करायची तेच काही प्रमाणात वाया घालवू नये.

मिश्रण तूप लावलेल्या ताटात ओतून सपाट बुडाच्या वाटीने घट्ट दाबावे. कोमट असतानाच सोळा भाग पाडावेत, पूर्ण निवल्यावर वड्या सुट्या कराव्यात. मिश्रण फुटत असेल तर चमचाभर कोमट दूध शिंपडावे, मात्र अशी वडी तीन-चार दिवसांत संपवावी. एरवी कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ती दहा-बारा दिवस चांगली राहते. पावसाळ्यात निम्मेच प्रमाण करावे. खवट वास आल्यास वडी टाकून द्यावी. 'तूप आहे, टिकते' हा समज येथे उपयोगाचा नाही, कारण खवटपणा दाण्यांच्या व तिळाच्या तेलातून येतो.

हिशेब

डाळ्यातून ३३, दाण्यांतून २५, तिळातून ९, दूधभुकटीतून ३५ आणि लाह्यांतून साडेतीन ग्रॅम. एकूण सुमारे १०५ ग्रॅम प्रथिने. सोळा वड्यांत विभागल्यास प्रत्येकी सुमारे साडेसहा ग्रॅम. त्याच वडीत साडेबारा ग्रॅम गूळ, सुमारे सात ग्रॅम स्नेह आणि एकूण ऊर्जा अंदाजे १८० किलोकॅलरी. दूधभुकटी वगळल्यास चाळीस ग्रॅमच्या वडीत जेमतेम पाच ग्रॅम प्रथिने उरतात.

आता तुलना पाहा. तीस ग्रॅम डाळीची वाटीभर घट्ट आमटी, २०० मिलिलिटर दूध किंवा एक अंडे, यांपैकी कोणत्याही एकातून साधारण तेवढीच, सहा ते सात ग्रॅम प्रथिने मिळतात आणि तीही गुळाशिवाय. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढास शरीरभाराच्या प्रतिकिलो ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी होत. साठ किलो वजनाच्या व्यक्तीस ही गरज रोज सुमारे पन्नास ग्रॅम इतकी भरते. त्याच संस्थेच्या २०२४ च्या आहारमार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पूरके टाळण्याचाच सल्ला आहे. तेव्हा प्रथम जेवण तपासावे, नंतर वडीचा विचार करावा. वडी जेवणाचे स्थान घेऊ शकत नाही. प्रवासात, शेतात वा मैदानावर जेथे आमटी पोहोचत नाही, तेथे ती उपयोगी पडते.

मात्रा, काळ व पात्रापात्र

ही वडी गुरु, स्निग्ध व बृंहण कल्पना आहे, हे वैद्याने विसरू नये. गुरु द्रव्ये अर्ध्या तृप्तीपर्यंतच घ्यावीत, असे चरकसंहितेच्या मात्राशितीय अध्यायात सांगितले आहे. पिठाचे पदार्थ भोजनोत्तर कधीही खाऊ नयेत, भूक असतानाच व मात्रेने खावेत, असेही तेथेच बजावले आहे. आमच्या रुग्णाने वडी दोन्ही वेळा जेवणानंतरच खाल्ली होती. प्रथम वर्षाला पाठ केलेला अध्याय आम्हाला चिठ्ठी लिहिताना आठवला नाही, याची खंत वाटते.

प्रौढास दिवसाला एक वडी पुरे. ती सकाळच्या व दुपारच्या आहारांच्या मध्ये, भूक लागल्यावर, चावून खावी आणि वर कोमट पाणी घ्यावे. व्यायामानंतर घ्यायची असल्यास घाम निवल्यावर घ्यावी. कष्टकरी, खेळाडू व स्तनदा माता यांना, अग्नी उत्तम असल्यास, दोनपर्यंत चालतील. पाच वर्षांवरील मुलास अर्धी वडी द्यावी. लहान बालकास दाण्यांचे तुकडे असलेली वडी मुळीच देऊ नये, घशात अडकण्याचा धोका असतो. दात नसलेल्या वृद्धांसाठी सर्व द्रव्ये बारीक दळून त्याच मिश्रणाचा मऊ लाडू करावा.

मंदाग्नी, साम अवस्था, ज्वर, आध्मान व मलावष्टंभ यांत वडी देऊ नये. व्यायामशाळेतील अनेक तरुण पूड, वडी व अंडी एकाच दिवशी घेतात आणि 'गॅस'ची तक्रार घेऊन येतात. त्यांना पाचक चूर्ण देण्यापूर्वी ही बेरीज करून दाखवावी. अतिस्थूल व प्रमेही रुग्णांस गूळ-खजुराची वडी वर्ज्य समजावी. चरकाने प्रमेह संतर्पणोत्थ व्याधींत गणला आहे, हे येथे पुरेसे सूचक आहे. वृक्कविकारात प्रथिनांचे दैनंदिन प्रमाण उपचार करणारे तज्ज्ञ ठरवतात. त्यांना विचारल्याविना एकही वडी सुचवू नये. भुईमूग, तीळ वा दूध यांची ॲलर्जी आहे का, हा प्रश्न प्रत्येकास विचारावा.

औषधी चूर्णे आणि औषधविक्रेते

वडीत अश्वगंधा, शतावरी, मुसळी यांची चूर्णे घालण्याचा मोह होतो. तीन ग्रॅम चूर्णाने वडीतील प्रथिने वाढत नाहीत, वडीचे स्वरूप मात्र बदलते. आहार भुकेने मोजला जातो, औषध मात्रेने. चवीला आवडली म्हणून रुग्णाने चार वड्या खाल्ल्या तर औषधाची मात्राही चौपट होते. औषध द्यायचे असल्यास वेगळे, मोजून द्यावे. पाचन व चव यांसाठी सुंठ-वेलची पुरेशी आहेत.

आमच्या औषधविक्रेत्या बंधूंकडे 'आयुर्वेदिक प्रोटीन' मागणारे ग्राहक रोज येतात. वडी करून विकायची झाल्यास ती अन्न म्हणूनच विकावी लागते. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी वा परवाना घेणे, वेष्टनावर घटकद्रव्ये, पोषणमूल्ये व ॲलर्जीकारक द्रव्यांची सूचना छापणे आवश्यक असते. २०२२ च्या आयुर्वेद आहार नियमावलीने औषधे, भस्मे व पिष्टी या वर्गाबाहेर ठेवल्या आहेत. म्हणजे आहार आणि औषध यांची सरमिसळ कायद्यासही मान्य नाही. त्याहून सोपा मार्ग असा की, जुना गूळ, निवडलेले तीळ व उत्तम सुंठ दुकानात ठेवावी आणि सोबत कृतीची व अपात्र रुग्णांच्या यादीची छापील चिठ्ठी द्यावी. यात नफा थोडा असेल, पण विश्वास टिकेल.

समारोप

शिक्षिकाबाईंची वडी आम्ही त्याच दिवशी थांबवली. त्यांचे वजन बावन्न किलो, म्हणजे गरज सुमारे त्रेचाळीस ग्रॅमची. त्यांच्यासमोरच वहीत बेरीज केली तेव्हा कमतरता आठ-नऊ ग्रॅमचीच निघाली. एक वाटी घट्ट मुगाची आमटी आणि दुपारी भूक लागल्यावर मूठभर फुटाणे, एवढ्यात ती भरून निघत होती. बांधणीची गरजच नव्हती. त्यांच्या मधुमेहाच्या तज्ज्ञांनाही सर्व प्रकार कळवला. दोन महिन्यांत साखर पूर्वपदावर आली. मांड्यांतील बळ परत यायला मात्र आणखी वेळ लागला आणि त्यासाठी रोजचे चालणेही आवश्यक ठरले.

तेव्हापासून वडी सुचवताना आम्ही चिठ्ठीवर तीन ओळी लिहितो : किती, केव्हा आणि कशाच्या ऐवजी. तिसरी ओळ बाईंच्या वहीने शिकवली. बृंहण लिहून देणे सोपे असते. त्यासाठी आहारातून काय वजा करायचे, हे लिहिले तरच ते रुग्णाच्या हिताचे ठरते. सर्व वैद्यबंधु-भगिनींनी व औषधविक्रेत्यांनी या तीन ओळींचा अवलंब करावा आणि आपापले अनुभव या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावेत, ही विनंती.